पांढऱ्या बुटांचा हेर

सांगली,
दि. २ फेब्रुवारी २०२५

प्रिय सदाशिव,

सप्रेम नमस्कार.

तुझे पाच पानी पत्र गेल्या मंगळवारी हाती पडले. एवढे लांब पत्र हाताने लिहिणारा माझ्या ओळखीत आता तूच एक उरला आहेस, म्हणून ते दुपारी निवांत बसून दोनदा वाचले. प्रकृतीची आणि घरची हकीकत कळली, तिच्याविषयी फोनवर बोलू. हे पत्र मी लिहितो आहे ते तुझ्या शेवटच्या पानावरच्या चार ओळींसाठी. दूरदर्शन संचावर जितेंद्रचा जुना हेरपट 'फर्ज' लागला होता, तो तू अर्ध्यावर बंद केलास आणि मला लिहिलेस की, ही सारी जेम्स बाँडची नक्कल, आणि हा कसला हेर, सारे गाव बघत असताना गाणी म्हणत उड्या मारतो, आणि या उड्यांखेरीज जितेंद्रने जन्मात दुसरे केले तरी काय. सदा, दुसऱ्या कोणी हे लिहिले असते तर मी सोडून दिले असते. पण ज्याच्या शेजारी मांडीला मांडी लावून मी तो चित्रपट पहिल्यांदा पाहिला, त्याने असे लिहावे हे मला मनापासून लागले आहे.

आपण आठवीत होतो. गावच्या जत्रेत ओढ्याकाठच्या वावरात टुरिंग टॉकीजचा तंबू लागला होता. संध्याकाळ झाली की कर्ण्यावर आधी देवाची गाणी लागत, मग जनरेटरची घरघर सुरू होई आणि आपल्या पोटात गोळा येई. चार आण्यांचे जमिनीवरचे तिकीट, बायकांसाठी मधे दोरी बांधून केलेला वेगळा भाग आणि एकच प्रोजेक्टर असल्यामुळे दर रिळानंतर होणारा अंधार, हे सगळे तुला माझ्याइतकेच आठवत असणार. तुझे तात्या नेमके तेव्हा रजेवर आले होते. पासष्टची लढाई त्यांनी पाहिली होती, पण तिच्याविषयी ते घरात अवाक्षर काढत नसत. ते आपल्या मागे पोत्यावर बसले होते. चित्रपटाच्या सुरुवातीलाच एजंट ३०३ हा सरकारी हेर मारला जातो. त्या क्षणी मी सहज मागे वळून पाहिले, तर तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती आणि ते पडद्याकडे एकटक पाहत होते. रीळ संपेपर्यंत त्यांनी ती टोपी परत घातली नाही. तू पुढे वाकून बसला होतास, त्यामुळे तुला हे दिसले नसावे. मी तुला कधी सांगितलेही नाही, का ते आता मलाच सांगता येत नाही.

तो चित्रपट त्या वेळच्या माणसांना कुठे जाऊन भिडला, हे मला त्या टोपीवरून पुढे उमगत गेले. १९६२ मध्ये चीनच्या युद्धात झालेली नामुष्की, १९६५ चे पाकिस्तानशी झालेले युद्ध, आणि आपल्या सातारा-सांगली भागात तर घरटी नाही तरी भावकीत एक माणूस पलटणीत. देशात शिरलेला छुपा शत्रू ही त्या पाच वर्षांत लोकांच्या मनात घर करून बसलेली खरीखुरी भीती होती. परदेशातील हेरगिरीसाठी आपली स्वतंत्र संस्था, म्हणजे 'रॉ', स्थापन झाली ती सप्टेंबर १९६८ मध्ये, आणि 'फर्ज' पडद्यावर आला तो त्याच्या आदल्या वर्षी, १९६७ मध्ये. सरकारी हेर कसा असतो, तो काय करतो, हे सामान्य माणसाला कळण्याचा मार्गच नव्हता. ती रिकामी जागा एका पंचवीस वर्षांच्या पोराने भरली.

नक्कल म्हणतोस, तर त्यातला खरा भाग मी आधी मान्य करतो. १९६२ मध्ये शॉन कॉनरीचा पहिला बाँडपट आला आणि जगभर हेरपटांची साथ पसरली. आपल्याकडे ती तेलुगू चित्रपटसृष्टीने लवकर उचलली. १९६६ मध्ये तिकडे 'गूढाचारी ११६' आला, त्यात कृष्णा नावाचा अगदी नवा नट होता, आणि त्या एका चित्रपटाने त्याला 'आंध्रचा जेम्स बाँड' केले. त्याच चित्रपटाचे निर्माते सुंदरलाल नाहटा आणि डुंडी यांनी तो हिंदीत 'फर्ज' म्हणून काढला, एजंटचा क्रमांकसुद्धा तोच ठेवला, ११६. म्हणजे एकाच कथेने दोन भाषांत दोन नवख्या पोरांना वर आणले. एकाच बियाण्याने दोन निराळ्या शिवारांत असे पीक द्यावे, तर त्या बियाण्यात काही असलेच पाहिजे, असे मला शेतकऱ्याचा मुलगा म्हणून वाटते.

दिग्दर्शक रविकांत नगाइच हा मूळचा कॅमेरामन होता आणि ही गोष्ट तुला ठाऊक नसावी म्हणून मुद्दाम लिहितो. एन. टी. रामाराव यांच्या १९६१ च्या 'सीतारामकल्याणम्'चे छायाचित्रण त्याचे. त्या चित्रपटातला दहा तोंडांचा रावण त्याने कॅमेऱ्याच्या करामतीने उभा केला होता. आजच्यासारखे संगणक नव्हते. चौकटीचा बाकीचा भाग झाकून थोडाच उघडा ठेवायचा, तेवढे चित्रण करायचे, फिल्म मागे गुंडाळायची, मग पुढचा भाग उघडायचा. कॅमेरा केसभर हलला तर सारी मेहनत पाण्यात, अशी ती विद्या होती. आपल्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' हे नाटक उभे केले, त्याचा अभिमान आपण लहानपणापासून ऐकत आलो, आणि इकडे एका कॅमेरामनानेही आपला हात सीतेच्या लग्नावरच बसवला, याचा मला उगाच आनंद होतो. अशा माणसाने हेरपट काढला तेव्हा त्याला प्रेक्षकाचे डोळे कशाने खिळतात हे नेमके माहीत होते.

आता जितेंद्रविषयी. त्याचे खरे नाव रवी कपूर. जन्म १९४२ चा, अमृतसरचा, पण वाढला गिरगावातल्या चाळीत. घरचा धंदा इमिटेशन दागिन्यांचा, आणि ते दागिने चित्रपटवाल्यांना पुरवले जात. त्या निमित्ताने हा मुलगा व्ही. शांताराम यांच्या स्टुडिओत जाऊ-येऊ लागला. शांतारामबापू म्हणजे आपल्या शेजारच्या कोल्हापूरचे, तेव्हा त्याच्या नशिबाची पहिली दोरी आपल्याच भागातल्या माणसाच्या हातात होती म्हटले तरी चालेल. सुरुवातीला त्याला काय काम मिळाले, तर नायिका संध्या हिच्या जागी डबल म्हणून उभे राहण्याचे. सदा, तू याचा जरा विचार कर. ज्याचा चेहरा दिसूच नये, अशा कामाने त्या माणसाची सुरुवात झाली. पुढे १९६४ मध्ये 'गीत गाया पत्थरों ने'मध्ये बापूंनी त्याला नायक केले, नावही 'जितेंद्र' असे दिले. चित्रपटाचा गाजावाजा झाला, पण त्यानंतर दोन-तीन वर्षे त्याची गाडी जागची हलली नाही. चाळीतल्या शेजाऱ्यांना रोज तोंड दाखवायचे आणि पुढचे काम कुठले याचे उत्तर आपल्याजवळ नाही, हे दिवस त्याने कसे काढले असतील, याची कल्पना मला नोकरीशिवाय घालवलेल्या माझ्या दोन वर्षांवरून करता येते.

१९६७ हे वर्ष मला त्याच्या आयुष्यातले सगळ्यांत बोलके वर्ष वाटते. त्या वर्षी बापूंचाच 'बूँद जो बन गयी मोती' आला, त्यात जितेंद्र आदर्शवादी शिक्षक झाला होता, आणि त्याच वर्षी 'फर्ज'मध्ये तो एजंट गोपाळ झाला. गुरूने घडवलेला सोज्वळ शिक्षक आणि परप्रांतीय निर्मात्यांनी घडवलेला हेर, हे दोघे एकाच सुमारास लोकांपुढे उभे राहिले. लोकांनी हेराला उचलून धरले. शिक्षकाच्या चित्रपटातले मुकेशने गायलेले निसर्गाचे गाणे आजही मन शांत करते, आणि मी स्वतः तीस वर्षे मास्तरकी केली असल्यामुळे ती भूमिका मला प्रिय आहे, तरी लोकांचे चुकले असे मी म्हणणार नाही. शिक्षकाच्या वेशात जितेंद्र हात बांधून उभा आहे असे वाटते. त्याच्या अंगात जे होते ते त्या भूमिकेला नको होते.

ते काय होते, हे मी परवा पुन्हा डोळ्यांत तेल घालून पाहिले. नातीने तिच्या मोबाइलवर 'मस्त बहारों का मैं आशिक' लावून दिले, आणि मी आवाज बंद करून फक्त त्याच्याकडे पाहिले. तूही एकदा तसेच पाहा. त्या काळचे नायक नाचत ते मुख्यतः खांद्यांनी, मानेने आणि केसांच्या झटक्यांनी, आणि त्यांचे पाय खाली बहुधा नुसते चालत असत. जितेंद्रचे सगळे बळ पोटऱ्यांत आहे. तो पाऊल टाकण्याआधी टाच किंचित उचलतो, त्यामुळे पाय भुईला लागतो न लागतो तोच पुढची झेप तयार असते, आणि बूट पांढरे असल्याने नजर आपोआप त्या पायांकडे जाते. ते बूट आणि तो टी-शर्ट त्याने साध्या दुकानातून घेतले होते, असे त्याच्याविषयी सांगितले जाते. पुढे तेच त्याचे चिन्ह झाले आणि 'जंपिंग जॅक' हे नाव त्याला कायमचे चिकटले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचा ठेका, आनंद बक्षींचे शब्द आणि रफीसाहेबांचा आवाज यांचे ऋण आहेच. पण आवाज बंद केल्यावरही त्याच्या पायांत ताल दिसतो, हे मी तुला शपथेवर सांगतो.

आणि तू कोणत्या तोंडाने त्या उड्यांना नावे ठेवतोस? जत्रेच्या दुसऱ्या दिवशी तुझे तपकिरी कॅनव्हासचे बूट पांढरे करायचे म्हणून आपण शाळेतून खडूचे तुकडे जमवले, ते पुरले नाहीत तेव्हा घराच्या सफेदीसाठी भिजवलेला चुना चिंधीने त्यावर चोपडला. वाळल्यावर बूट चकचकीत पांढरे झाले आणि तू ते घालून देवळाच्या पारावरून उडी मारलीस. बोटे वाकतात तिथे चुन्याला तडे गेले, पापुद्रे सुटले आणि तुझ्या मागे पांढऱ्या ठिपक्यांची वाट उमटत गेली. त्या दिवशी तुझ्या चेहऱ्यावर जे तेज होते, ते मी नंतर तुझ्या नोकरीच्या ऑर्डरच्या दिवशीही पाहिले नाही.

तुझा मुख्य आक्षेप उरतोच, की हेराने लपायचे असते. या आक्षेपाचे उत्तर मला गेल्या महिन्यात बाणूरगडावर सापडले. खानापूर तालुक्यातला हा गड, त्यालाच भूपाळगड म्हणतात, आपण लहानपणी पाहिला नव्हता ही लाजेची गोष्ट आहे. तिथे बहिर्जी नाइकांची समाधी दाखवतात. महाराजांच्या हेरखात्याचा हा प्रमुख. सुरतेच्या स्वारीच्या संदर्भात बखरकार सभासदाने 'बहिर्जी जासूद' म्हणून त्यांचा उल्लेख केला आहे. समाधीपुढे नारळ फोडलेला होता, वारा अंगाला झोंबत होता, आणि मी बराच वेळ विचार करत राहिलो की हा माणूस दिसायला कसा होता. कुठेही खात्रीचे चित्र नाही. फकीर, गोसावी, वासुदेव अशी कितीतरी सोंगे त्यांनी घेतल्याच्या कथा लोक सांगतात, पण सोंगामागचा चेहरा कोणालाच माहीत नाही, आणि खऱ्या हेराचे यश त्यातच असते.

गडावरून उतरताना खालच्या वाडीत एक बहुरूपी भेटला, फौजदाराच्या वेशात. लहानपणी आपल्या दारी येत तसाच. दरडावून बोलत होता, आणि अंगणातली बाई हसू दाबून त्याला पैसे देत होती. ती त्याला ओळखून होती आणि त्यालाही ते ठाऊक होते. सदा, हेर आणि बहुरूपी दोघेही सोंगच घेतात, पण हेराचे सोंग ओळखले गेले तर त्याचा जीव जातो आणि बहुरूप्याचे ओळखले गेले नाही तर त्याचे पोट भरत नाही. पडद्यावरचा एजंट ११६ हा या दुसऱ्या जातीचा आहे. कथेतल्या शत्रूंना तो बेफिकीर, प्रेमात पडलेला तरुण वाटला पाहिजे, आणि तंबूतल्या आपल्याला मात्र प्रत्येक गाण्यात आठवले पाहिजे की हा कामावर आहे. म्हणून त्या उड्या म्हणजेच त्याचे सोंग. इतका उघडा, इतका निर्धास्त माणूस सरकारी हेर असेल असा संशय कोणाला यावा? गंभीर चेहऱ्याच्या, काळा कोट घातलेल्या नटाने हे सोंग वठवले नसते. एकेकाळी चेहरा लपवून डबल म्हणून उभा राहिलेला मुलगा लपण्याच्या भूमिकेतच पहिल्यांदा पूर्ण दिसला, आणि देशाने त्याला ओळखले.

चित्रपट निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. खलनायकाचा अड्डा आज पाहताना खोटा वाटतो, विनोदाचे प्रसंग कात्री लावून टाकावेत असे आहेत, आणि बबितासारख्या देखण्या नायिकेला तिच्या वडिलांवरच संशय असल्याचे कळते, तिथे लेखकाने थांबायला हवे होते. प्रियकराचे कर्तव्य आणि बापाची माया यांत सापडलेल्या मुलीचे दुःख हा चित्रपटाच्या नावाचा खरा गाभा आहे, आणि तो घाईत आटोपला आहे. मला याची हळहळ वाटते. तिच्या वाढदिवसाचे गाणे मात्र अजून सांगलीच्या प्रत्येक मंगल कार्यालयात वाजते.

राहिले तुझे 'दुसरे काय केले' हे विधान. १९७२ चा 'परिचय' तू आणि मी एकत्र पाहिला आहे. त्यात गुलजारांनी त्याला पुन्हा शिक्षक केले, पात्राचे नाव ठेवले रवी, म्हणजे त्याचे स्वतःचेच. या वेळी हात बांधलेले वाटत नाहीत, कारण मधल्या पाच वर्षांत त्याला आपले अंग सापडले होते आणि ते आवरून धरण्याची ताकद आली होती. 'खुशबू' आणि 'किनारा' त्यानंतरचे. आणि ज्या दक्षिणेने त्याला 'फर्ज' दिला, तिनेच १९८३ मध्ये 'हिम्मतवाला' देऊन त्याला दुसऱ्यांदा उभे केले. तो चित्रपट ज्या तेलुगू चित्रपटावरून घेतला त्याचा नायक पुन्हा तोच कृष्णा, आणि हिंदीतला काढला तोही कृष्णाच्याच पद्मालय संस्थेने. १९६६ चा एजंट ११६ आणि १९६७ चा एजंट ११६ यांची वाट सोळा वर्षांनी पुन्हा एकत्र आली. कृष्णा २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये गेला. ती बातमी आपल्याकडच्या वर्तमानपत्रात कोपऱ्यात होती. मी ती कापून ठेवली आहे, तू आलास की दाखवीन.

आता शेवटचे. त्या रात्री जनरेटर बंद पडला आणि चित्रपटाचा शेवट आपल्याला दिसलाच नाही. तंबूवाल्याने पैसेही परत दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांनी घेरले तेव्हा तू बाकावर उभा राहून सगळा शेवट सांगितलास, न पाहिलेला, आणि मी तोंड उघडले नाही. तुझ्या शेवटात सगळे शत्रू पकडल्यावर एजंट ११६ एका खेड्यात जातो, एजंट ३०३ च्या आईच्या दारात उभा राहतो आणि त्याची टोपी तिच्या हातात देतो. टोपी तुला कुठून सुचली, हे मला आजतागायत कळलेले नाही, कारण तू तर पुढे वाकून बसला होतास. कॉलेजात असताना मी सांगलीत तो चित्रपट पुन्हा पाहिला, सगळे लोक उठून जाईपर्यंत खुर्चीत बसून राहिलो आणि त्या आईची वाट पाहिली.

वहिनींना नमस्कार सांग. होळीच्या सुमारास ये, बाणूरगडावर जाऊ.

तुझा,
विनायक